कुठूनही निघा, ६१७४ ला पोचा!

दोस्तांनो, कागद आणि पेन्सिल घ्या बरं. घाबरू नका, परीक्षा नाहीये! तुम्ही शाळेत जात असा नाहीतर घरीच आईबाबांकडे शिकत असा, आज आपण वजाबाकीचा खेळ खेळणार आहोत.

काय म्हणालात? वजाबाकी आणि खेळ? थांबा तर खरं!

कोणतेही चार अंक घ्या. समजा १, २, ३, ४. त्यांची मोठ्यात मोठी संख्या कोणती? ४३२१! आणि लहानात लहान? १२३४! आता मोठीतून लहान वजा करा. आले ३०८७.

या उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२.

आणखी एकदा! ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

आणि आता? ७६४१ वजा १४६७. अरेच्चा, पुन्हा ६१७४! कितीही वेळा करा, गाडी इथून हलतच नाही!

आता खरी गंमत ऐका. तुम्ही दुसरे कुठलेही चार अंक घेतलेत, तरी शेवटी ६१७४ वरच पोचाल! एका वजाबाकीला एक पायरी म्हटलं, तर जास्तीत जास्त सात पायऱ्या. आठवी कधीच लागत नाही!

नियम दोनच. चारही अंक सारखे नकोत. ५५५५ मधून ५५५५ गेले की उरतो भोपळा! आणि उत्तर ९९९ आलं, तर पुढे शून्य लावून ०९९९ लिहायचं. अंक चारच राहिले पाहिजेत.

ही जादू शोधली कुणी? आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी! दत्तात्रय रामचंद्र कापरेकर त्यांचं नाव. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. ते दिवसभर शाळेत मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचे. ना मोठी प्रयोगशाळा, ना कॉम्प्युटर! १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ची ही गंमत सापडली. आज सगळं जग या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतं.

आता एक गुपित सांगू? कापरेकरांचं जन्मवर्ष घ्या, १९०५. करा सुरुवात! ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. मोजा पायऱ्या. बरोब्बर सात! आता शोधाचं वर्ष, १९४९. तेही करून बघा. तिथेही सातच!

पण सगळ्या संख्या एकाच ठिकाणी कशा काय पोचतात? ऐका. चार अंकी संख्या असतात ९०००. त्यांतल्या ११११, २२२२ अशा नऊ काढल्या की उरल्या ८९९१. त्या सगळ्यांची पहिली वजाबाकी केली, तर किती वेगवेगळी उत्तरं येतील? ओळखा पाहू! हजार? पाचशे? छे! फक्त ५४!

मधली सुट्टी संपल्यावर काय होतं, आठवा. मैदानभर पांगलेली मुलं घंटा होताच शाळेच्या दाराशी गोळा होतात. पुढे जिन्यात आणखी दाटी. तसंच इथे होतं. पायरीगणिक वाटा कमी कमी होत जातात आणि शेवटी एकच उरते.

आणि वजाबाकी चुकली, तर ते बहुतेक वेळा कुणाला न विचारताच कळतं! उत्तराच्या अंकांची बेरीज करा. ती नेहमी नऊच्या पाढ्यातच येते. ३०८७ बघा. ३, ०, ८ आणि ७ मिळून १८! पाढ्यात नसेल, तर कुठेतरी हातचा विसरलात!

असं का होतं? समजा आजीने ४३२१ लाडू वळले. बाप रे! नऊ-नऊ लाडूंचे डबे भरले, तर शेवटी एक लाडू उरतो. आता अंक उलटे करा. १२३४ लाडवांचे डबे भरले, तरी एकच उरतो! अंकांच्या जागा कितीही बदला, उरणारे लाडू बदलत नाहीत. मग मोठीतून लहान वजा केली, की ते उरलेले लाडूही एकमेकांतून वजा होतात. राहतात ते नऊ-नऊचे भरलेले डबे!

कापरेकरांची आणखी एक लाडकी टोळी होती, हर्षद संख्यांची. अंकांची बेरीज करायची आणि तिनेच संख्येला भागायचं. बाकी शून्य आली, की ती हर्षद! १२ घ्या. १ आणि २ मिळून ३. बाराला तिनाने भाग जातो. झाली हर्षद! आणि आपली ६१७४? अंकांची बेरीज १८. भागा बरं! ३४३ आले, बाकी शून्य. म्हणजे तीही हर्षदच! वर ३४३ म्हणजे ७ गुणिले ७ गुणिले ७. आहे की नाही कमाल!

आता तुमची पाळी. चारऐवजी तीनच अंक घ्या, फक्त तिन्ही सारखे नकोत. तिथेही अशीच एक संख्या दडून बसली आहे आणि ती जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत सापडते. ती कोणती, हे मात्र मी सांगणार नाही! घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे अंक द्या, सगळे मिळून वजाबाक्या करा आणि सगळ्यांचं उत्तर एकच येतं का ते स्वतःच बघा!