डब्यात राहिलेला खडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रात्री मोबाइल उशाशी ठेवून आपण आडवे होतो, तेव्हा तो आपल्याआधीच झोपलेला असतो. पडदा काळा झालेला आपल्याला दिसतो. आत मात्र कॅमेरा, आवाजाची चिप, पडद्याचा स्पर्श ओळखणारा भाग असे कितीतरी घटक असतात. त्यांतल्या ज्याला काम नाही त्याची वीज तोडायची किंवा अगदी कमी करायची, हा उद्योग चोवीस तास चालू असतो. दिवसाही हे घटक डुलक्या घेतात, म्हणून तर एवढीशी बॅटरी दिवसभर पुरते.

झोपवण्या-उठवण्याचं हे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. मी उदाहरण घेतो लिनक्सचं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये ती सुरू केली. आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तिचाच गाभा आहे. शिवाय तिचा सगळा मजकूर उघडा आहे, कोणीही वाचावा. त्यामुळे तिच्या चुकाही चारचौघांत होतात आणि चारचौघांतच दुरुस्त होतात.

यंत्र चालू असतानाच त्याचा एकेक भाग झोपवण्याची सामाईक पद्धत लिनक्समध्ये आली ती २००९ च्या डिसेंबरात, २.६.३२ या आवृत्तीत. राफाएल विसोत्स्की यांनी ती उभी केली. तिचं मूळ अगदी साधं आहे. प्रत्येक उपकरणाच्या नावावर एक आकडा असतो. कोणाला ते उपकरण हवं असलं की आकडा एकानं वाढवायचा, काम झालं की एकानं कमी करायचा. आकडा शून्यावर आला की उपकरणानं खुशाल झोपावं.

गावातल्या वाचनालयाची कल्पना करा. दाराशी एक डबा आहे. आत जाणाऱ्यानं डब्यात एक खडा टाकायचा आणि दिवा लावायचा. बाहेर पडताना एक खडा काढायचा. डबा रिकामा दिसला की रखवालदार मेन स्विच बंद करतो. आता एक गृहस्थ आले. खडा टाकला, बटण दाबलं, पण दिवा पेटला नाही. चरफडत ते घरी निघून गेले. त्यांनी वाचलं काहीच नाही, पण खडा डब्यातच राहिला. दुसऱ्या दिवशी दिवा दुरुस्त झाला, माणसं आली, गेली, आपापले खडे काढून घेऊन गेली. डब्यात एक खडा उरलाच. रखवालदार बिचारा प्रामाणिक. आत कोणीतरी आहे असं समजून तो रात्रभर दिवे चालू ठेवतो, आणि हे रोज चालतं.

लिनक्समध्ये नेमकं हेच घडत होतं. उपकरण मागण्याची जी आज्ञा आहे, तिचं नाव ‘पीएम रनटाइम गेट सिंक’. ती आधी आकडा वाढवते, मग उपकरणाला उठवते. ते उठलं नाही तर चुकीचा संकेत परत पाठवते, पण वाढवलेला आकडा तसाच ठेवते. उपकरणासाठी ड्रायव्हर लिहिणारा माणूस काय करतो? चूक आली का? आली. मग इथूनच परत फिरा. ही वाट तर्काला धरून आहे. ‘मिळालं नाही’ असं उत्तर आल्यावर ‘आता परत करा’ हे कोणाच्या मनात येणार? पण हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही. पुढे ते उपकरण सावरलं तरी त्याची झोप उडालेली असते आणि बॅटरी गळत राहते. फोनचा मालक बॅटरीला बोल लावतो.

मूळ रचना अडाणीपणाची होती, असं मात्र मी म्हणणार नाही. पुष्कळ ड्रायव्हर आज्ञेचा निकाल पाहतच नाहीत. मागतात, काम करतात, परत करतात. त्यांच्यासाठी दोन्ही वेळा आकडा वाढलेला असणंच सोयीचं, म्हणजे हिशेब जुळतो. नियम कागदपत्रांत लिहिलेलाही होता. माझं म्हणणं एवढंच, की नाव एक सांगतं आणि नियम दुसरं, तेव्हा माणूस नावावर विश्वास ठेवतो.

२०२० मध्ये या एकाच चुकीच्या दुरुस्त्यांची रांग लागली. शेवटी त्या वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या ५.१० आवृत्तीत एक नवी आज्ञा दाखल झाली. उपकरण उठलं नाही, तर ही आज्ञा स्वतःच खडा काढून घेते. जुनी आज्ञा काढून टाकली नाही, कारण तिच्या वागण्यावर विसंबलेला मजकूर फार होता.

चूक कळवण्याच्या भाषेतही बारकावे आहेत. झोपायला सांगितल्यावर उपकरण ‘आत्ता कामात आहे’ किंवा ‘थोड्या वेळानं विचारा’ असं म्हणालं, तर लिनक्स ते मनावर घेत नाही. त्याला जागं ठेवते आणि पुन्हा विचारते. याखेरीज दुसरी कोणतीही चूक कळवली, तर मात्र उपकरण बिघडलं असं धरून त्याला झोपवण्या-उठवण्याचे प्रयत्नच थांबवते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं साध्या ‘नंतर या’च्या जागी भलताच आकडा लिहिला, की धडधाकट उपकरण आजाऱ्यांच्या यादीत जातं.

लॅपटॉप मिटला की सगळ्यांनाच एकदम झोपवायचं असतं. तिथे क्रम आहे: आधी मुलं, मग आईबाप. म्हणजे आधी यूएसबीला जोडलेलं उपकरण, मग ते ज्याच्यावर अवलंबून आहे तो भाग. या रांगेत एकानं जरी नकार दिला, तरी बेत रद्द होतो आणि झोपलेल्यांना उलट्या क्रमानं उठवावं लागतं, आधी आईबाप आणि मग मुलं. हे उठवणं नीट लिहिलेलं नसेल, तर यंत्र अर्धं झोपलेलं, अर्धं जागं राहतं. ही वाट रोजच्या वापरात क्वचितच चालली जाते, त्यामुळे तिच्यातले खड्डे लवकर दिसत नाहीत. आणि लॅपटॉप तर मिटून पिशवीत गेलेला असतो. पडद्यावर आलेला संदेश वाचणार कोण? दोन तासांनी पिशवी उघडावी तर आत यंत्र तापलेलं आणि बॅटरी संपलेली.

लिनक्स याची नोंद मात्र ठेवते. झोपवण्याचे प्रयत्न किती वेळा फसले, शेवटी कोणत्या उपकरणापाशी अडलं आणि कोणत्या टप्प्यावर, हे तिच्या एका फाइलींच्या कप्प्यात लिहिलेलं सापडतं. दुरुस्तीला बसलेला माणूस आधी तिथेच डोकावतो.