भुईमूग-नाचणीच्या पौष्टिक वड्या

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत नाचणी पिकते, तर मालेगावकडे भुईमूग. दाण्यांत सुमारे २५ टक्के प्रथिने असतात आणि नाचणीत विपुल कॅल्शियम. या दोहोंचा मेळ भट्टीवाचून घरीच घालता येतो.

प्रथम सुरकुतलेले, काळवंडलेले व बुरशी लागलेले दाणे कटाक्षाने काढून टाकावेत. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी दगावले, तेव्हा भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, उजेडात आले. भाजल्याने ते पूर्णतः नष्ट होत नाही. म्हणून शेंगा नीट वाळवूनच साठवाव्यात.

२५० ग्रॅम दाणे मंद आचेवर भाजून, साले पाखडून, तेल सुटेपर्यंत वाटावेत. ५० ग्रॅम नाचणीचे पीठ खमंग भाजावे. २०० ग्रॅम गुळाचा गोळीबंद पाक करून खाली उतरवावा. त्यात वाटण, पीठ व १०० ग्रॅम ज्वारीच्या लाह्या घालून त्वरित कालवावे. तूप लावलेल्या ताटात थापून कोमट असतानाच वड्या पाडाव्यात व घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात.

कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात पाकापेक्षा दाणे निवडण्यास अधिक वेळ द्यावा.