सोन्याचं नाणं फोटोत पितळेसारखं का दिसतं?

आजीच्या डब्यातली गिनी विकायला काढली, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि उत्तर आलं, 'हे पितळ वाटतंय.' नाणं अस्सल असूनही असं होतं. गडबड बहुतेकदा फोटोत असते.

फोनमधल्या 'ऑटो व्हाइट बॅलन्स'चं काम असतं दिव्याच्या उजेडाची झाक काढून टाकणं. पण फ्रेमभर सोनंच असेल, तर पिवळेपणा दिव्याचा किती आणि सोन्याचा किती, हे फोनला कळत नाही. तो सोन्याचाही रंग उतरवतो आणि नाणं फिकट, कधी हिरवट दिसतं. त्यात चकचकीत नाणं म्हणजे जवळपास आरसाच. खाली लाल मखमल असेल तर तिची लाली कडांवर उतरते. तुमचा निळा शर्टही त्यात डोकावतो!

उजेड जास्त झाला तरी रंग बदलतो. सोन्याच्या फोटोत लाल रंगाचं प्रमाण सर्वाधिक असतं, त्यामुळे त्याची मर्यादा आधी संपते. हिरवा मात्र वाढत राहतो आणि सोनं लिंबासारखं पिवळं पडतं.

इथेच खरं नुकसान होतं. आपण जिला गिनी म्हणतो, ती बहुतेकदा ब्रिटिश सॉव्हरिन असते. १९१८ साली ही नाणी मुंबईतही पाडली गेली होती. सोनं २२ कॅरेट, बाकी तांबं. म्हणून २४ कॅरेटच्या नाण्याशेजारी ती जराशी लालसर दिसते. जाणकार हीच छटा बघतो आणि फोटोत नेमकी तीच हरवते.

मग फोटो काढायचा कसा? दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन टाळून. ट्यूब आणि बल्ब बंद ठेवा, नाहीतर दोन रंगांचे उजेड एकमेकांत मिसळतात. नाणं साध्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि कागदही फ्रेममध्ये येऊ द्या. फोन थोडा लांब धरून झूम करा. नाण्यावर टॅप करून उजेड जरा कमी करा. 'प्रो' मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा. नसेल तर स्नॅपसीडमधल्या व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर कागदावर टेकवा, रंग बराचसा जागेवर येतो. कागद नंतर क्रॉप करता येतो. फिल्टर मात्र नकोच.

शुद्धता फोटोवरून ठरत नाही, ती सराफाकडे तपासूनच कळते. आणि फोटोसाठी म्हणून जुनी गिनी चिंच-मीठ लावून घासू नका. ओरखडे पडलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात.