घोड्याच्या अंगावर अचानक गांधी उठल्या तर…

परवा खरारा करताना आमच्या घोडीच्या मानेवर हात थबकला. रुपयाएवढ्या गांधी, थेट छातीपर्यंत! बोटाने दाबलं की क्षणभर खळगा राहायचा. चंदी तीच, खोगीर तेच. मग झालं काय?

खरं सांगायचं तर पुष्कळदा कारण सापडतच नाही. म्हणून मी वही ठेवते. नवा चारा, जंताचं औषध, लस, माश्यांचा फवारा, खोगिराखालचं कापड कोणत्या साबणाने धुतलं, सगळं तारखेसकट. आणि बदल करायचा तो एका वेळी एकच, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार कसं?

खाज आयाळीत आणि शेपटीच्या मुळाशी असेल, दरवर्षी त्याच दिवसांत येत असेल, तर संशय क्युलिकॉइडिस नावाच्या बारीक चिलटांवर घ्या. आइसलँडमध्ये ही चिलटं पूर्वापार नव्हती. तिथे जन्मून परदेशी गेलेल्या घोड्यांना म्हणूनच ही खाज फार सतावते. चिलटं उडण्यात कच्ची असतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला घोडा तबेल्यात घ्या, पंखा लावा, साचलेलं पाणी आणि ओली लीद हटवा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

ओठ, पापण्या किंवा नाकपुड्या सुजल्या, श्वासाला घरघर लागली, तर मात्र वही बाजूला ठेवा आणि पशुवैद्यांना ताबडतोब बोलवा. आपल्या घरातली ॲलर्जीची गोळी अंदाजाने देऊ नका. स्टेरॉइड तर त्यांना विचारल्याशिवाय मुळीच नको.