बाबासाहेब गप्प बसले नव्हते

दरवर्षी पावसाळा सरला की आम्ही बिडकीनची मुले घेऊन वेरूळ-दौलताबादला जातो. किल्ल्याच्या दरवाजापाशी बसवून त्यांना 1934 सालचा प्रसंग सांगतो. गेल्या खेपेला एका मुलाने विचारले, "एवढ्या शिव्या ऐकून बाबासाहेब गप्प का बसले?"

त्या वर्षी बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. मुलूख निजामाचा. वाटेत त्रास नको म्हणून गाजावाजा केला नव्हता. जिथे थांबायचे तिथल्याच बांधवांना कळवले होते. दौलताबादचे बांधव चहा घेऊन वाट पाहत होते. पण अंधार पडण्यापूर्वी किल्ला पाहायचा म्हणून मंडळी तशीच पुढे गेली.

दरवाजाबाहेर एक लहान तळे काठोकाठ भरलेले होते. प्रवासाची धूळ अंगावर होती. मंडळींनी हातपाय, तोंड धुतले आणि दरवाजात गेली. तोच एक वृद्ध मुसलमान तळे बाटवल्याची ओरड करीत मागून आला. रमझानचे दिवस होते. बघता बघता जमाव जमला, घाणेरड्या शिव्या सुरू झाल्या. आम्ही परगावचे, इथला रिवाज ठाऊक नव्हता, असे सांगूनही कोणी ऐकेना. उलट मागून आलेल्या स्थानिक बांधवांवरच लोक तुटून पडले. दंगल होऊन खूनही पडले असते, असे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

मंडळींनी हात आवरला. फौजदारी खटल्यात अडकून प्रवास मोडायचा नव्हता. आम्हांला आणखी एक वाटते, पाहुणे बसमध्ये बसून निघून गेले असते, मार मात्र गावात राहणाऱ्यांनी खाल्ला असता.

पण बाबासाहेब गप्प बसले नाहीत. आपापल्या धर्माप्रमाणे वागा, असे म्हणणाऱ्या तरुणाला त्यांनी रागानेच विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला पाणी नाकाराल काय? जमाव निरुत्तर झाला. मग त्यांनी पहारेकऱ्याला आत सोडणार की नाही ते सरळ विचारले. चिठ्ठीवर नाव लिहून दिले, तेव्हा परवानगी मिळाली. पण पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर सशस्त्र शिपाई दिला.

म्हणून बंधुभगिनींनो, मुलांना सांगा, राग आला तरी चालेल. पण वाटेत कोणी डिवचले तर आधी पाहावे, आपण कशासाठी निघालो आणि आपल्यामागे इथे कोण राहणार आहे. मग बोलावे, आणि नेमके बोलावे.