मधमाश्यांची ओळख

मधमाशीच्या गोतावळ्यात २०,०००हून अधिक जाती आहेत. त्यांतील कित्येक इतक्या सारख्या दिसतात, की जाणत्यांचीही फसगत होते. भेद असतो तो पंखांवरील शिरांत, अंगावरील लवेत आणि कवचावरील बारीक खळग्यांत. हा भेद टिपण्यासाठी अमेरिकेतील मेरीलंड येथील एका शासकीय प्रयोगशाळेने एक युक्ती योजिली. मृत माशी धुऊन, वाळवून कॅमेऱ्यासमोर ठेवावयाची. अगदी जवळून घेतलेल्या छायाचित्रात तिचा थोडाच भाग स्पष्ट येतो. म्हणून अंतर किंचित बदलीत अनेक छायाचित्रे घ्यावयाची. त्यांतील स्पष्ट भाग संगणक जुळवितो आणि संपूर्ण माशी रेखीव दिसू लागते.

फुलाफुलांवर पराग पोहोचविणाऱ्या या माश्यांपैकी कोणती जात घटत आहे, हे ओळख पटल्यावाचून कळत नाही. आणि कळल्यावाचून तिचे रक्षण होत नाही.