सात दोरे, आठ खाचा

वेचणीवरून किंवा चार घरची धुणी-भांडी उरकून आलेल्या बाईला ‘जरा आराम कर’ म्हणणं सोपं असतं. ती टेकते, पण डोकं टेकत नाही. बचत गटाचा हप्ता, पोराची फी, सासूच्या गोळ्या, सगळं फिरत राहतं. हात रिकामे असले की उलट जास्तच फिरतं. म्हणून या वेळी आम्ही हाताच्या एका कामाबद्दल लिहितो आहोत. दोरे गुंफण्याच्या. जपानी भाषेत याला कुमिहिमो म्हणतात.

गुंफणं आपल्याला नवं नाही. पोरीच्या केसांची तिपेडी वेणी रोज घालतोच. जपानात मात्र ही कला फार पुढे गेली. सूत्रग्रंथांच्या गुंडाळ्या बांधायला आणि विहारांच्या सजावटीला असे गोफ लागत. नारा शहरातल्या शोसोइन या जुन्या भांडारात आठव्या शतकातले नमुने आजही जपलेले आहेत. पुढे सामुराई आपल्या चिलखताचे तुकडे अशाच दोरांनी बांधू लागले. १८७६ साली तिथल्या सरकारने तलवार बाळगायला बंदी केली, तेव्हा तलवारीचे गोफ विणणारे कारागीर बायकांच्या किमोनोवरच्या कमरदोऱ्याकडे वळले.

आपल्याकडे दोर वळणं हा कधी छंद नव्हता. अंबाडीचा वाख काढून कासरे, दावी, म्होरक्या वळायचं काम गावगाड्याने मातंग भावंडांच्या माथी मारलं. पोळ्याला बैल नटायचा तो त्यांच्या हातच्या दोरांनी, आणि मोबदला म्हणून पदरात धान्य पडायचं. तेव्हा ‘आता पुन्हा दोर वळायला सांगता का?’ असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. पण हा दोर कुणी मागितलेला नाही. तो मोजायला मुकादम नाही. अर्धवट राहिला तरी कुणाचं काही अडत नाही.

जपानी कारागीर लाकडी गोल चौरंग वापरतात. आपल्याला वहीचा जाड पुठ्ठा पुरतो. वाटीच्या तोंडाएवढा गोल कापा. मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा. कडेला सारख्या अंतरावर आठ खाचा द्या, अर्ध्या पेराएवढ्या खोल. जुन्या सुती लुगड्याच्या, दोन-दोन हात लांबीच्या सात बारीक पट्ट्या काढा. नायलॉनची साडी नको, ती निसटते. सातही पट्ट्यांची टोकं एकत्र गाठ मारून भोकातून खाली सोडा आणि एकेका खाचेत एकेक पट्टी अडकवा. आठवी खाच रिकामी राहील.

ती रिकामी खाच पोटाकडे धरा. तिच्या उजवीकडून मोजा: एक, दोन, तीन. तिसरी पट्टी उचलून रिकाम्या खाचेत आणा. आता जी खाच रिकामी झाली, ती फिरवून पोटाकडे घ्या. पुन्हा एक, दोन, तीन. एवढंच. खालून गोल गोफ उतरू लागतो. अधूनमधून तो हलकेच खाली ओढायचा. आम्हाला यातली सर्वात मोठी सोय वाटते ती ही, की नळ आला, लेकरू रडलं, तर पुठ्ठा तसाच ठेवून उठता येतं. कुठे थांबलो होतो ते रिकामी खाच सांगते.

याने बरं का वाटतं? काळजीत श्वास उथळ होतो, मान-खांदे आखडतात, छाती धडधडते. हात एकाच लयीत चालले आणि मन तीनपर्यंत मोजण्यात गुंतलं की काळजीला जागा कमी उरते, श्वास हळूहळू संथ होतो. आनापानात लक्ष श्वासावर आणतो, इथे ते बोटांवर आणतो. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. मात्र याने बीपीची किंवा साखरेची गोळी सुटत नाही. ती चालूच ठेवायची.

बसताना पाठ भिंतीला टेकवा, गुडघे दुखत असतील तर पाय पसरा. काम दिवसाच्या उजेडात करा. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात. ती साबणाने धुवा, भरेपर्यंत थांबा. मनगटात कळ आली, बोटांना मुंग्या आल्या तर हात लगेच थांबवा. आणि तयार गोफ तान्ह्याच्या गळ्यात किंवा पाळण्याला बांधू नका, फास बसू शकतो.

‘हे विकता येईल का?’ असंही कुणी विचारेल. येईल, राख्या होतील. पण नगावर पैसे ठरले की तीही मजुरीच झाली. निदान एक गोफ तरी स्वतःसाठी ठेवा, असं आमचं म्हणणं.

काही दुखणी मात्र दोऱ्याने हलत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण नको, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं, अशी अवस्था असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या किती घरांनी याची किंमत मोजली, ते वेगळं सांगायला नको. बाई असो की बाप्या, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन जा. रात्री-अपरात्री जाणं जमत नसेल तर टेली-मानसला फोन लावा. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. नंबर पुठ्ठ्याच्या मागेच लिहून ठेवा: १४४१६.